पीडिताचा वकील

कल्याणकडून येणारा रस्ता, मुंब्र्याकडून येणारा रस्ता आणि महापे व तळोजा यांच्याकडे जाणारे रस्ते जिथे एकमेकांना भेटतात, ते ठिकाण म्हणजे शीळफाटा. ४ एप्रिल २०१३ रोजी संध्याकाळी येथील लकी कंपाउंडमधली एक सात मजली इमारत कोसळली. तिला कसलीही परवानगी नव्हती. वरचे बांधकाम चालू होते आणि खालच्या मजल्यांवर माणसे राहायलाही आली होती. बहुतेक सारी हातावर पोट असलेली. त्या ढिगाऱ्याखाली ७४ माणसे गेली. त्यांत कितीतरी लहान मुले होती.

अशा घटनेला आपण सहज ‘दुर्घटना’ म्हणतो आणि दैवाला बोल लावतो. कायद्याने मात्र तसे म्हटले नाही. सदोष मनुष्यवधाचा गुन्हा नोंदला गेला. इमारत बांधणारे, महापालिकेतले अधिकारी, पोलीस खात्यातली माणसे यांना अटक झाली. म्हणजे जे गेले ते नुसते अपघातात सापडलेले नव्हते, ते गुन्ह्याचे बळी होते. आणि मागे राहिलेली त्यांची माणसे कायद्याच्या भाषेत ‘पीडित’ ठरली. पीडित या शब्दात ज्याला प्रत्यक्ष इजा किंवा नुकसान झाले तो तर येतोच, शिवाय त्याचा पालक आणि कायदेशीर वारसही येतो.

आता प्रश्न असा, की अशा खटल्यात आरोपीच्या बाजूने त्याचा वकील उभा राहतो, सरकारच्या बाजूने सरकारी वकील उभा राहतो. मग ज्याचे घरचे माणूस गेले त्याच्या बाजूने कोण?

तुम्ही म्हणाल, सरकारी वकील तो आपलाच की! पुष्कळांची अशीच समजूत असते. पण ती पुरती खरी नाही. आपल्या फौजदारी कायद्याची मांडणीच अशी आहे, की गुन्हा हा साऱ्या समाजाविरुद्ध, म्हणून राज्याविरुद्ध मानला जातो. खटल्याचे नावदेखील ‘राज्य विरुद्ध अमुक’ असे असते. सरकारी वकिलाचे अशील म्हणजे राज्य. त्याने सारा पुरावा निःपक्षपातीपणे कोर्टापुढे ठेवायचा, हे त्याचे काम. दिवसाला डझनभर फायली त्याच्या टेबलावर असतात. तारीख का पुढे गेली, जामीन कसा झाला, औषधपाण्याचा खर्च कोण देणार, हे पीडिताला समजावून सांगायला त्याला सवड कुठली? पीडिताला बोलावणे येते ते साक्षीपुरते. साक्ष झाली की तो बाहेरचा.

ही उणीव जगभर होती. गुन्ह्याच्या बळींना सरकारने भरपाई द्यावी, असा कायदा न्यूझीलंडने १९६३ साली केला. पुढे २९ नोव्हेंबर १९८५ रोजी संयुक्त राष्ट्रसंघाने पीडितांना न्याय मिळण्याबाबतची मूलतत्त्वे जाहीर केली. आपल्याकडे मलिमठ समितीने २००३ साली पीडिताला खटल्यात स्थान द्यावे असे सुचवले. त्यानंतर फौजदारी प्रक्रिया संहितेत दुरुस्ती झाली आणि ३१ डिसेंबर २००९ पासून ती अमलात आली. पीडिताची व्याख्या झाली, त्याला स्वतःचा वकील देण्याची वाट मोकळी झाली, भरपाईची योजना आली, अपिलाचा हक्क आला. १ जुलै २०२४ पासून त्या संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिने हे हक्क कायम ठेवून त्यांत काही भर घातली.

ते हक्क कोणते, हे एका उदाहरणाने पाहू. समजा, तुमच्या गावात बांधाच्या भांडणात एकाच्या डोक्यात कुऱ्हाडीचा घाव बसला. तो जगला, पण कामाला निकामी झाला. त्याच्या बायकोने काय करावे?

पहिली गोष्ट खबरीची. गुन्हा कोणत्याही ठाण्याच्या हद्दीत घडलेला असो, दखलपात्र गुन्ह्याची खबर जवळच्या ठाण्यात देता येते. ‘ही आमची हद्द नव्हे’ म्हणून परत पाठवता येत नाही. खबरीची नक्कल विनामूल्य मिळते. दुसरी गोष्ट तपासाची. तपास कुठवर आला हे पोलिसांनी नव्वद दिवसांच्या आत खबर देणाऱ्याला किंवा पीडिताला कळवलेच पाहिजे. तिसरी गोष्ट कागदांची. दोषारोपपत्र, जबान्या वगैरेंच्या नकला आरोपीला मिळतात, तशा पीडितालाही मिळतात. पण येथे एक मेख आहे. त्याच्या बाजूने वकील असेल तरच. म्हणजे वकील नसला की कागद नाहीत, आणि कागद नसले की खटल्यात काय चालले आहे हे कळायला मार्ग नाही. चौथी गोष्ट, सरकारला खटला मागे घ्यायचा असेल तर पीडिताला म्हणणे मांडण्याची संधी दिल्याशिवाय कोर्टाला तशी परवानगी देता येत नाही. पाचवी गोष्ट अपिलाची. आरोपी सुटला, मोठ्या गुन्ह्याऐवजी हलक्या गुन्ह्याखाली दोषी ठरला, किंवा भरपाई अपुरी मिळाली, तर पीडिताला स्वतः अपील करता येते. मात्र शिक्षा कमी वाटते एवढ्याच कारणासाठी त्याला हे अपील नाही. ती वाट सरकारची.

जामिनाच्या वेळी काय? सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली, लखीमपूर खेरीच्या शेतकऱ्यांच्या प्रकरणात, गुन्हा घडल्यापासून पुढच्या प्रत्येक टप्प्यावर पीडिताचे म्हणणे ऐकले गेले पाहिजे असे सांगितले. अनुसूचित जातिजमातींवरील अत्याचारांच्या कायद्यात तर हा हक्क स्पष्ट शब्दांत लिहिलेला आहे. प्रत्येक सुनावणीची वेळेवर सूचना पीडिताला मिळाली पाहिजे, असेही त्यात आहे.

इतके सारे कायद्यात असताना मग अडते कुठे? अडते ते येथे, की हे हक्क वापरायचे कसे हे शिकलेला वकील सापडत नाही. आपल्याकडच्या वकिलाचे शिक्षण फिर्याद चालवण्याचे किंवा बचाव करण्याचे असते. पीडितांविषयीचे शास्त्र बार कौन्सिलच्या अभ्यासक्रमात आहे, पण ते ऐच्छिक विषयांत. ज्याने घेतले त्याने घेतले. शिवाय पीडिताच्या वकिलाचे काम मोठे नाजूक आहे. ते बाकीच्या वकिलीसारखे नाही. कसे, ते सांगतो.

कोर्टाच्या परवानगीने पीडिताला आपल्या पसंतीचा वकील देता येतो, पण तो सरकारी वकिलाला साहाय्य करण्यासाठी. २०१९ साली रेखा मुरारका यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ही मर्यादा आखून दिली. पीडिताच्या वकिलाने परस्पर उठून साक्षीदाराची उलटतपासणी घ्यायची नाही. सुचलेला प्रश्न सरकारी वकिलाला सांगायचा. त्याने तो विचारला नाही तर कोर्टाच्या नजरेस आणायचा. पुरावा संपल्यावर कोर्टाच्या परवानगीने लेखी युक्तिवाद द्यायचा. ज्याला मोठ्याने भांडायचीच सवय आहे, त्याला हे जमणे कठीण. येथे सरकारी वकिलाशी संबंध सांभाळावे लागतात, वेळेवर चिठ्ठी पुढे सरकवावी लागते, आणि गप्प राहिलेले कोर्टात शोभते केव्हा व अंगाशी येते केव्हा, हे ओळखावे लागते.

दुसरे शिक्षण ऐकण्याचे. घरचे माणूस गमावलेला किंवा अत्याचार सोसलेला माणूस सरळ क्रमाने सांगत नाही. मधलेच आधी सांगतो, तारखा चुकवतो, रडतो, गप्प होतो. अर्धवट शिकलेला वकील त्याच्यावर खेकसतो, ‘नीट सांग!’ आणि मग तो काहीच सांगत नाही. शहाणा वकील त्याला पाणी देतो, आडोशाची जागा बघतो, तेच तेच दहादा वदवून घेत नाही. मात्र काय बोलायचे हे पढवणे आणि कोर्टात काय काय होईल हे समजावून देणे, यांतला फरक त्याला पक्का ठाऊक असला पाहिजे. पहिल्याने खटला नासतो, दुसऱ्याने साक्षीदाराला धीर येतो. लहान मुलांच्या बाबतीत तर नियमच निराळे. लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या कायद्यात मुलाला प्रश्न न्यायाधीशामार्फत विचारले जातात, साक्ष देताना आरोपी त्याच्या नजरेसमोर येऊ नये अशी तजवीज करावी लागते, आणि मुलाचे नाव, शाळा, पत्ता बाहेर फुटता कामा नये. हे ज्या वकिलाला माहीत नाही, तो भल्या हेतूने का होईना, पण मुलाचे नुकसान करून बसतो.

तिसरे शिक्षण पैशाचे. याबाबत आपल्याच महाराष्ट्रातले एक प्रकरण ध्यानात ठेवण्याजोगे आहे. एका शेतावरून जाणाऱ्या माणसावर कुत्रे भुंकले. त्याने हातातली लोखंडी नळी कुत्र्याला मारली. कुत्र्याच्या धन्याने हटकले, शब्दाने शब्द वाढला आणि तीच नळी धन्याच्या डोक्यात बसली. त्यात त्याचा जीव गेला. ‘अंकुश शिवाजी गायकवाड विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या नावाने हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. ३ मे २०१३ रोजी निकाल देताना न्यायालयाने पाहिले, की मृताच्या घरच्यांना भरपाई द्यावी की नाही याचा विचार खालच्या कोर्टांनी केलेलाच नव्हता. तो विचार करणे आणि निर्णयाची कारणे लिहिणे हे प्रत्येक फौजदारी कोर्टाचे कर्तव्य आहे, असे न्यायालयाने बजावले आणि निकालाच्या प्रती सर्व उच्च न्यायालयांकडे धाडण्याचा हुकूम केला. म्हणून शिकलेला वकील उपचाराची बिले, मजुरीचा दाखला, घरात खाणारी तोंडे किती, हे सारे पहिल्यापासून फायलीत ठेवतो. निकालाच्या दिवशी शोधाशोध करत नाही.

आरोपीकडून पैसे निघण्याची वाट पाहायलाच पाहिजे, असेही नाही. राज्याची पीडित भरपाई योजना आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करायचा, आणि चौकशी दोन महिन्यांत पुरी व्हावी असे कायदा म्हणतो. आरोपी सापडलाच नाही तरीही हा अर्ज करता येतो. शिवाय बलात्कार, बालकांवरील लैंगिक अत्याचार आणि ॲसिड हल्ला यांतील पीडितांसाठी महाराष्ट्रात २ ऑक्टोबर २०१३ पासून मनोधैर्य योजना आहे.

असे वकील घडतात कोठे? अमेरिकेत २००४ साली पीडितांच्या हक्कांचा स्वतंत्र कायदा झाला. तेथे ओरेगन राज्यात पोर्टलंड येथे विधी महाविद्यालयाला जोडून एक संस्थाच आहे, जी वकिलांना हेच एक काम शिकवते. आपल्याकडेही अगदीच शुकशुकाट नाही. मुंबईत १९९१ साली फ्लेव्हिया ॲग्नेस यांनी ‘मजलिस’ ही संस्था सुरू केली. तिच्या ‘राहत’ या उपक्रमातून अत्याचारित स्त्रियांना खबरीपासून निकालापर्यंत सोबत दिली जाते, आणि पोलिसांना व इतरांना प्रशिक्षणही दिले जाते. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण आपल्या यादीवरील वकिलांसाठी वर्ग घेते.

पण एक तफावत सांगितली पाहिजे. २०२२ पासून प्राधिकरणाने जिल्ह्याजिल्ह्यांत आरोपींच्या बचावासाठी पूर्णवेळ वकिलांची व्यवस्था उभी करायला घेतली. ते योग्यच झाले. गरीब आरोपीलाही वकील हवाच. पीडिताला मात्र यादीवरचा वकील मिळतो, जो आपली इतर वकिली सांभाळून हे काम पाहतो. त्याला या कामाचे खास शिक्षण मिळाले, त्याने दोनचार खटल्यांत अनुभवी वकिलाच्या हाताखाली काम केले, तर केवढा फरक पडेल! व्याख्यान ऐकून हे काम येत नाही. पोहणे जसे पाण्यात, तसे हे कोर्टाच्या आवारात शिकावे लागते.

वाचकहो, यात खेड्यातल्या माणसाने काय करायचे? पहिले म्हणजे ‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण थोडी बाजूला ठेवायची. ज्याच्यावर गुन्हा घडला त्याला ती पायरी चढायला आधीच लावलेले असते, प्रश्न एवढाच की तो एकटा चढतो की सोबतीने. दुसरे म्हणजे वकील मागायचा. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रिया, बालके, अनुसूचित जातिजमातींची माणसे, औद्योगिक कामगार, मोठ्या आपत्तीत सापडलेले लोक यांना वकील फुकट मिळतो, मग उत्पन्न कितीही असो. इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत मिळतो. शीळ, दिवा, डायघर या भागांतल्या माणसाला ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात अर्ज देता येईल, तुमच्या भागात तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असेल. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही विचारता येते. अर्ज साध्या कागदावर चालतो. वकील मिळाला, की त्याला तीन गोष्टी विचारा: कोर्टाकडे साहाय्याची परवानगी मागितली का? कागदांच्या नकला घेतल्या का? भरपाईचा अर्ज केला का? ज्याला काम येते तो या प्रश्नांनी रागावणार नाही.

आणि गुरुजी, बाई, तुमच्यासाठी एक शब्द. गावात काही विपरीत घडले की लोक आधी तुमच्याकडे येतात. अर्ज लिहून द्यायला, कागद वाचून दाखवायला. प्राधिकरणाच्या विधी स्वयंसेवकांच्या योजनेत शिक्षकांना, निवृत्त शिक्षकांनाही घेतले जाते. त्यांना थोडके शिक्षण देऊन पीडित आणि वकील यांच्यामधला दुवा बनवले जाते. वकिलाला कायदा येत असेल, पण त्या घरात म्हातारी आजारी आहे, तारखेच्या दिवशी मजुरी बुडते, गाडीभाडे जवळ नाही, हे त्याला कोण सांगणार? ते तुम्हालाच ठाऊक असते. तेवढे जरी तुम्ही एका कागदावर नीट लिहून वकिलाच्या हाती दिले, तरी त्याच्या शिक्षणातला एक धडा तुमच्याकडून झाला असे समजा.