सोयाबीन: हजर भाव, वायदा भाव आणि जबलपूरचा हिशेब

खरीप २०२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता. बाजारातील भाव मात्र त्याहून बराच खाली होता आणि मध्य प्रदेश सरकारला भावांतर योजना पुन्हा लागू करावी लागली. त्या काळात जबलपूरच्या मंडीत माल आणणाऱ्या शेतकऱ्यापुढचा प्रश्न जुनाच होता. माल आज विकावा, की जानेवारीपर्यंत गोदामात ठेवावा? पूर्वी या प्रश्नाचे निदान अर्धे उत्तर वायदा बाजारातून मिळत असे. डिसेंबर २०२१ मध्ये सोयाबीनचे वायदे थांबवण्यात आले आणि तो आधार नाहीसा झाला.

सोयाबीनशी जबलपूरचे नाते केवळ मंडीपुरते नाही. १९६४ साली येथे स्थापन झालेल्या जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालयाचे ‘जेएस ३३५’ हे वाण विदर्भ-मराठवाड्यातील शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षे पेरले. या भागात आता धानाचा पेरा वाढला आहे, तरी नर्मदा खोऱ्यात सोयाबीन टिकून आहे. त्याचा भाव मात्र जबलपुरात ठरत नाही. तो सुमारे पाचशे किलोमीटर दूर असलेल्या इंदूरकडे पाहून ठरतो, कारण तेल गाळणाऱ्या कारखान्यांचा मुख्य पट्टा माळव्यात आहे. एनसीडीईएक्स या बाजाराने आपल्या सोयाबीन वायद्यासाठी इंदूर हेच मूळ केंद्र मानले होते.

वायदा भाव भाकीत नव्हे

माल आणि पैसा ज्या सौद्यात लगेच हात बदलतात, त्या सौद्याचा भाव म्हणजे हजर भाव. पुढील ठराविक महिन्यात माल देण्याघेण्याचा करार आज ज्या दराने होतो, तो वायदा भाव. जानेवारीचा वायदा चढा दिसला की बाजार तेजीचे भाकीत करीत आहे, असा सर्वसाधारण समज असतो. साठवता येणाऱ्या मालाच्या बाबतीत हा समज बहुधा दिशाभूल करतो.

एक काल्पनिक हिशेब पाहू. ऑक्टोबरात इंदूरचा हजर भाव ४,५०० रुपये आहे. व्यापाऱ्याने माल घेऊन ठेवला, तर दरमहा एक टक्का व्याजाने ४५ रुपये आणि गोदामभाडे, विमा व घट मिळून १५ रुपये, असा महिन्याला ६० रुपये खर्च येतो. तीन महिन्यांचे झाले १८० रुपये. म्हणून जानेवारीचा वायदा ४,६८० रुपयांच्या आसपास असणे स्वाभाविक ठरते. तो ४,९०० झाला, तर व्यापारी आज हजर माल उचलतील, जानेवारीचा वायदा विकतील आणि मधला नफा निश्चित करतील. या खरेदी-विक्रीनेच हजर भाव वर सरकतो, वायदा उतरतो आणि अंतर पुन्हा साठवणुकीच्या खर्चाएवढे होते. वायद्याची मुदत संपत येते तसा हा खर्चही संपत जातो. अखेरच्या दिवशी माल देणे बंधनकारक असल्याने दोन्ही भाव जवळजवळ एक होतात.

उलट स्थितीही येते. हंगामाच्या शेवटी माल दुर्मीळ होतो आणि कारखान्याला तो आजच हवा असतो. अशा वेळी हजर भाव वायद्याच्या वर जातो. साठा धरून ठेवू नका, असेच बाजार त्यातून सांगत असतो.

साठवणुकीला जागाच उरली नाही तर काय होते, हे २० एप्रिल २०२० रोजी कच्च्या तेलाने दाखवले. अमेरिकेतील मे महिन्याचा वायदा पिंपामागे उणे ३७.६३ डॉलरवर बंद झाला आणि मुंबईच्या एमसीएक्सवर त्याची तडजोड उणे २,८८४ रुपयांनी झाली.

जबलपूरचा फरक

आता हाच हिशेब जबलपूरला लावू. वाहतूक, आडत आणि मालाचा ओलावा धरून येथील भाव इंदूरपेक्षा २०० रुपयांनी कमी, म्हणजे ४,३०० आहे असे समजू. जानेवारीत हे अंतर तेवढेच राहिले, तर ४,६८० च्या वायद्यावरून जबलपूरचा अपेक्षित भाव ४,४८० निघतो. थांबण्याची कमाई १८० रुपये. ज्याला बँकेचे एक टक्का व्याज पडते त्याचा तीन महिन्यांचा खर्च १७४ रुपये, म्हणजे हाती जवळपास काहीच नाही. सावकाराला दरमहा दोन टक्के देणाऱ्याचा खर्च ३०३ रुपये होतो, म्हणजे त्याला १२३ रुपयांचा तोटा. वायदा चढा दिसला तरी तो प्रत्येकाला थांबण्याचा सल्ला देत नसतो. ते गोदामाचे आणि पैशाचे भाडे असते आणि ज्याचे कर्ज स्वस्त, त्यालाच ते परवडते.

वायदा विकून भाव बांधून घेता येतो. जानेवारीत इंदूरचा भाव ४,२०० वर घसरला, तर ४,६८० ला विकलेल्या वायद्यावर ४८० रुपये मिळतात आणि जबलपुरात माल ४,००० ला जातो. एकूण ४,४८०. भाव ५,१०० झाला तरी बेरीज तीच राहते, कारण वायद्यात ४२० रुपये जातात आणि माल ४,९०० ला विकला जातो. इंदूर-जबलपूर अंतर २०० ऐवजी ३०० झाले, तर मात्र हाती ४,३८० च येतात. व्यापारी भाषेत हजर आणि वायदा यांतील या फरकाला ‘बेसिस’ म्हणतात. मोठी जोखीम देऊन ही लहान जोखीम पत्करणे, एवढाच हा व्यवहार. अर्थात रोजच्या चढउतारानुसार अनामत भरणे एकट्या लहान शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेरचे असते. त्यासाठी शेतकरी उत्पादक कंपनी लागते. बहुतेकांना वायद्याचा उपयोग भाव समजण्यापुरताच होता, पण तो कमी नव्हता.

बंदीनंतर

वायद्यांतील सट्टेबाजीने महागाई वाढते, हा आरोप जुना आहे. २००७ मध्ये तूर, उडीद, गहू आणि तांदळाचे वायदे थांबवण्यात आले. त्याच वर्षी नेमलेल्या अभिजित सेन समितीला, २००८ च्या अहवालानुसार, वायद्यांमुळेच भाव वाढल्याचा ठाम निष्कर्ष काढता आला नाही. तरीही २०२१ मध्ये सोयाबीनच्या विक्रमी तेजीनंतर सेबीने सोयाबीनसह सात शेतमालांचे वायदे आधी एका वर्षासाठी स्थगित केले. ही मुदत वारंवार वाढली आणि २०२५ मध्ये ती ३१ मार्च २०२६ पर्यंत नेण्यात आली. दरम्यान २०२२ मध्ये युक्रेन युद्ध आणि इंडोनेशियाची पामतेल निर्यातबंदी यांमुळे खाद्यतेल कडाडले, तर २०२४ मध्ये सोयाबीन हमीभावाखाली गेले. दोन्ही वेळा देशात सोयाबीनचा वायदा सुरू नव्हता.

भावांतर योजनेत सरकार जो प्रमाण भाव धरते, तो मंडीतील हजर व्यवहारांच्या सरासरीवरून काढला जातो. २०१७ मध्ये ही योजना प्रथम आली, तेव्हा ठराविक मुदतीत सर्वांनी माल आणल्याने आवक एकवटली आणि भाव दबल्याच्या तक्रारी झाल्या. अशा वेळी जानेवारीचा भाव दिसत असता, तर ऑक्टोबरातील घसरण तात्पुरती आहे की टिकाऊ, हे ताडून पाहता आले असते. वायदे थांबल्यावर जबलपूरच्या आडत्याकडे इंदूरच्या कारखान्यांची त्या दिवसाची खरेदी आणि शिकागोच्या बाजाराचा भाव एवढेच उरले. शिकागोचा भाव डॉलरमध्ये असतो, शिवाय तेथे जनुकीय बदल केलेले सोयाबीन विकले जाते. त्यावरून जबलपूरच्या जानेवारीचा अंदाज बांधताना विनिमय दर, सोयापेंडीची निर्यात आणि तेलावरील आयातशुल्क हे सारे धरावे लागते.