विश्लेषण : एकाच घराचा नकाशा सांगलीत, कोयनेत आणि जतमध्ये का चालत नाही? आर्किटेक्चरचे विद्यार्थी प्रकल्प काय सांगतात?

आर्किटेक्चरला प्रवेश घेतलेल्या मुलामुलींना गावाकडे पहिल्याच सुट्टीत एक विनंती हमखास होते. ‘आमच्या घराचा तेवढा प्लॅन काढून दे.’ सातारा आणि सांगली या शेजारच्या दोन जिल्ह्यांत मात्र हा ‘तेवढा प्लॅन’ सोपा नाही. एकीकडे महापूर, दुसरीकडे भूकंप, डोंगरावर धो-धो पाऊस आणि पूर्वेकडे टँकरची वाट पाहणारी गावे. या भागात काम करणाऱ्या विद्यार्थ्याला घराच्या देखण्या चित्राआधी पाणी, जमीन आणि ऊन यांचा हिशेब मांडावा लागतो. हा हिशेब कसा मांडतात आणि सामान्य घरमालकाने त्यातून काय घ्यावे?

डिझाइन प्रकल्प म्हणजे नेमके काय?

बी.आर्क. हा पाच वर्षांचा, म्हणजे दहा सत्रांचा अभ्यासक्रम आहे. प्रवेशासाठी ‘नाटा’ किंवा ‘जेईई मेन’चा आर्किटेक्चरचा पेपर द्यावा लागतो. १९७२ च्या वास्तुविशारद कायद्यानुसार स्थापन झालेली काउन्सिल ऑफ आर्किटेक्चर ही संस्था या शिक्षणाचे निकष ठरवते आणि तिच्याकडे नोंदणी झाल्याशिवाय कोणालाही स्वत:ला आर्किटेक्ट म्हणवून घेता येत नाही.

या अभ्यासक्रमाचा कणा म्हणजे ‘डिझाइन’ हा विषय. सुरुवातीला एखादी खोली किंवा छोटे घर, मग शाळा, दवाखाना, बाजार, वसाहत आणि शेवटी थिसिस असा हा चढता क्रम असतो. प्रत्येक प्रकल्पाचे टप्पे साधारण सारखेच. आधी साइटचा अभ्यास : उतार कुठे, वारा कुठून, पाणी कुठे साचते, माणसे कुठून येतात. मग तशाच इमारतींची केस स्टडी. त्यानंतर कोणत्या खोल्या, किती क्षेत्रफळ, कोण वापरणार याची यादी. मग कन्सेप्ट, नकाशे, मॉडेल आणि शेवटी ज्युरी, म्हणजे परीक्षकांसमोर प्रत्येक रेषेचे उत्तर देण्याचा दिवस.

सातारा-सांगली विद्यार्थ्यांसाठी प्रयोगशाळा का ठरते?

कारण इथे शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या आत हवामान पूर्ण बदलते. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. माण, आटपाडी, जत या पट्ट्यात तोच आकडा पाचशे मिलिमीटरच्या आसपास येतो. पश्चिमेला कोयनेचा भूकंपप्रवण भाग आहे, मध्ये कृष्णा-वारणेचे पूरक्षेत्र आहे. कास पठार आणि कोयना अभयारण्य २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा स्थळात आहेत. महाबळेश्वर-पाचगणी हा परिसर २००१ पासून पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. त्यामुळे तिथे काय बांधायचे याइतकाच काय बांधायचे नाही हाही प्रश्न असतो.

म्हणजे एकाच विद्यार्थ्याने एकाच कुटुंबासाठी तीन ठिकाणी घर काढले, तर जोते, भिंत आणि छप्पर या तिन्ही गोष्टी तीन वेळा नव्याने ठरवाव्या लागतात.

सांगलीत पुराचे गणित कसे मांडतात?

सांगलीकरांच्या तोंडी पुराची उंची फुटांत असते आणि ती मोजली जाते १९२९ मध्ये खुल्या झालेल्या आयर्विन पुलापाशी. इथे इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७.५ फुटांवर गेले. २००५ आणि २०२१ मध्येही ते ५० फुटांच्या वर होते.

विद्यार्थ्याचे पहिले काम इथेच सुरू होते. समजा, एखाद्या प्लॉटवर पुलापाशी ४५ फूट पातळी झाली की पाणी उंबऱ्याला लागते. मग २०१९ मध्ये त्या घरात ढोबळमानाने साडेबारा फूट पाणी होते, म्हणजे तळमजला छतासकट बुडाला. दुसऱ्या प्लॉटवर पाणी ५० फुटांना लागत असेल तर तिथे साडेसात फूट. दोन्ही प्लॉट एकाच शहरात आहेत, पण पहिल्या ठिकाणी जोते वाढवून भागणार नाही. दुसऱ्या ठिकाणी उंच जोते आणि वर सुरक्षित मजला हा पर्याय निदान विचारात घेता येतो.

नियमही इथेच लागू होतात. जलसंपदा विभाग नदीकाठी दोन रेषा आखतो. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. नदी आणि निळी रेषा यांमधला पट्टा बांधकामासाठी निषिद्ध मानला जातो. निळ्या आणि लाल रेषेदरम्यान अटींसह परवानगी मिळते आणि त्यात मुख्य अट अशी की, जोते लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान ४५ सेंटीमीटर वर हवे.

घर खांबांवर उचलले की प्रश्न सुटला?

नाही. बहुतेक विद्यार्थ्यांचा पहिला कन्सेप्ट हाच असतो आणि ज्युरीत तो इथेच अडकतो. खालचा मजला मोकळा ठेवून नुसत्या खांबांवर इमारत उभी केली तर ती भूकंपात दुबळी ठरते. वरचे मजले भिंतींमुळे ताठ आणि खालचा मजला लवचीक, त्यामुळे सगळा ताण खालच्या खांबांवर येतो. २००१ च्या भूज भूकंपात, अगदी दूरच्या अहमदाबादेतही, पार्किंगसाठी तळमजला मोकळा ठेवलेल्या इमारती अशाच कोसळल्या. सांगली कोयनेपासून फार दूर नाही. पुरावरचे उत्तर भूकंपात अंगाशी येऊ नये, यासाठी खालच्या मजल्यावर काही ठिकाणी काँक्रीटच्या भिंती किंवा तिरपे आधार द्यावे लागतात. तेही पाण्याच्या प्रवाहाला आडवे न येता, प्रवाहाच्या दिशेने.

दुसरा प्रश्न माणसांचा. गुडघेदुखीची आजी रोज बारा फूट कशी चढणार? म्हैस कुठे बांधायची? तळमजल्यावर दुकान असलेल्याने पोट कशावर भरायचे? म्हणून चांगला प्रकल्प घर उचलण्यावर थांबत नाही. विजेचा मीटर आणि स्विचबोर्ड वर, एक संडास वरच्या मजल्यावर, खालच्या मजल्यावर प्लायवूडऐवजी धुऊन पुन्हा वापरता येईल अशी फरशी आणि दगड, गच्चीवर बाहेरून जाणारा जिना, बोट लागेल अशी जागा अशा साध्या गोष्टींनी नुकसान कमी होते. सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे वस्तीतील शाळेची इमारत उंचावर बांधून तीच पुराच्या काळात निवारा म्हणून वापरणे.

जगभरात याच प्रश्नावर दोन वेगळी उत्तरे दिसतात. बांगलादेशच्या वास्तुविशारद मरिना तबस्सुम यांचे ‘खुदी बाडी’ हे बांबूचे, उंचावरचे, उचलून दुसरीकडे नेता येणारे छोटे घर आहे. या प्रकल्पाला २०२५ चा आगा खान वास्तुकला पुरस्कार मिळाला. नेदरलँड्सने उलट दिशेने विचार केला. ‘नदीला जागा’ या कार्यक्रमात बांध मागे हटवून पात्राला पसरायला जागा दिली. सांगलीसाठी दोन्हींतून घेण्यासारखे आहे. घर सुधारता येते, पण ओढे-नाले बुजवून पाण्याची वाट अडवली तर कोणतेच जोते पुरेसे उंच राहत नाही.

वाईच्या मंदिराची मागची भिंत काय शिकवते?

वाईचे ढोल्या गणपती मंदिर अठराव्या शतकात, १७६२ मध्ये, गणपतराव भिकाजी रास्ते यांनी कृष्णेच्या घाटावर बांधले. मंदिराच्या मागच्या भिंतीचा आकार माशासारखा आहे. पुराचे पाणी या टोकावर आले की दुभंगते आणि दोन्ही बाजूंनी निघून जाते. सपाट भिंतीवर प्रवाहाचा पूर्ण मार बसतो, निमुळत्या टोकावर तो कमी होतो. नदीकाठच्या इमारतीची लांब बाजू प्रवाहाला आडवी ठेवू नये, हा धडा या एका भिंतीत आहे.

म्हणूनच वाईचे घाट, मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडा आणि घाट यांची मोजमापे घेणे हा विद्यार्थ्यांसाठी उत्तम अभ्यास ठरतो. वास्तुकला विद्यार्थ्यांच्या ‘नासा’ या देशव्यापी संघटनेच्या स्पर्धांत तर लुई कान यांच्या नावाचा करंडकच अशा दस्तावेजीकरणासाठी आहे. वाड्याचा चौक केवळ शोभेचा नसतो. चौकातून तापलेली हवा वर जाते, खोल्यांना उजेड मिळतो आणि पावसाचे पाणी ठरलेल्या जागी उतरते. नव्या बंगल्याला नुसती लाकडी कमान आणि तुळशीवृंदावन लावले म्हणजे वाडा होत नाही, तो यामुळेच.

कोयनेच्या परिसरात दगडी घर धोक्याचे का ठरले?

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर हादरले. सुमारे १८० जणांचा मृत्यू झाला. दख्खनचे पठार स्थिर आहे, या समजाला त्या दिवशी तडा गेला. भारतीय मानक संस्थेच्या २००२ च्या नकाशात हा परिसर चौथ्या भूकंप क्षेत्रात आहे.

दगडी भिंत जाड असते, म्हणून ती भक्कम असा समज आहे. पण मातीत रचलेली भिंत म्हणजे बऱ्याचदा बाहेरचा एक आणि आतला एक असे दोन वेगळे पापुद्रे, मध्ये दगडगोट्यांची भर. जमीन हलली की दोन्ही पापुद्रे सुटतात, भिंत फुगते आणि छप्पर खाली येते. १९९३ मध्ये किल्लारीलाही हेच दिसले. उपाय महाग नाही. भिंतीच्या आरपार जाणारे दगड ठरावीक अंतरावर बसवायचे, कोपऱ्यांत भिंती एकमेकींत गुंतवायच्या आणि जोते, दारे-खिडक्यांचा माथा व छताखाली असा घराला सलग काँक्रीटचा पट्टा बांधायचा. पिंपाला जशी कडी, तसा घराला हा पट्टा. विद्यार्थ्याच्या शीटवर हा पट्टा नसेल, तर कन्सेप्ट कितीही सुंदर असला तरी प्रकल्प अपुरा आहे.

जत-माणच्या उन्हात डिझाइन कसे बदलते?

इथे प्रश्न पाणी साठवण्याचा आणि ऊन थोपवण्याचा. १०० चौरस मीटरचे छप्पर आणि ५०० मिलिमीटर पाऊस म्हणजे कागदावर ५० हजार लिटर. गळती, बाष्पीभवन वजा करून ४० हजार धरू. पाच जणांच्या घराला माणशी रोज ५५ लिटर लागले तर हे पाणी साधारण १४५ दिवस पुरते. फक्त पिण्या-स्वयंपाकासाठी, माणशी दहा लिटर वापरले तर दोन वर्षांहून अधिक. म्हणजे टाकी ही नकाशात शेवटी कोपऱ्यात दाखवायची गोष्ट नाही. छपराचा उतारच तिच्या दिशेने ठरवायला हवा.

गारव्याचे जुने उदाहरण साताऱ्याजवळ लिंब गावात आहे. छत्रपती शाहू महाराजांच्या काळात विरूबाई भोसले यांनी बांधवून घेतलेल्या बारा मोटांच्या विहिरीत पाण्याला लागून महालच आहे. जमिनीखालचा दगड आणि खालचे पाणी यांमुळे बाहेर रखरख असली तरी आत थंडावा राहतो.

दुसरे उदाहरण सांगलीजवळच्या हरिपूरचे. इथे हळद साठवायला जमिनीत पेवे खोदली जात. अरुंद तोंड, रुंद पोट, आत हवा नाही, म्हणून कीड नाही. पेव उघडल्यावर लगेच उतरत नाहीत, कारण आत प्राणवायू नसतो. वीज न वापरता चालणारे हे गोदाम. पण २००५ च्या महापुराने यातली कित्येक पेवे निकामी केली. तासगाव भागातली बेदाणा शेड याच्या बरोबर उलट : वर सावली, चारही बाजू उघड्या, जाळीचे थर आणि आरपार वारा. एक रचना हवा कोंडून माल राखते, दुसरी हवा खेळवून माल सुकवते. बाजार समिती किंवा शेतकरी केंद्राचा प्रकल्प करणाऱ्या विद्यार्थ्याला याहून चांगली केस स्टडी परदेशी मासिकात शोधावी लागत नाही.

ज्युरीनंतर या नकाशांचे काय होते?

खरी अडचण इथे आहे. सहा-सहा महिने खपून काढलेली पातळ्यांची मोजमापे, घरोघरी विचारलेली माहिती, वाड्यांचे नकाशे गुण मिळाले की माळ्यावर जातात. विद्यार्थ्याचा प्रकल्प थेट बांधता येत नाही, हे खरे. त्यावर नोंदणीकृत आर्किटेक्टची आणि स्ट्रक्चरल अभियंत्याची जबाबदारी नसते, खर्चाचा अंदाजही कच्चा असतो. पण त्यातला अभ्यास कच्चा असतोच असे नाही. कोणत्या गल्लीत किती फूट पाणी आले, किती घरांना वर जायला जिना नाही, कोणता वाडा कधी पाडला गेला, ही माहिती महापालिका आणि ग्रामपंचायतीला रोजच्या कामात लागते. दरवर्षीच्या थिसिसची एक प्रत संबंधित कार्यालयाकडे जाणे आणि तिथे ती वाचली जाणे, एवढी व्यवस्थाही उपयोगी पडेल.

घर बांधणाऱ्याने यातून काय घ्यावे?

शेजाऱ्याच्या बंगल्याचा फोटो किंवा मोबाइलवरचा तयार प्लॅन दाखवण्याआधी तीन प्रश्न विचारावेत. या जागेवर २०१९ मध्ये पाणी किती होते? जमीन हलली तर या भिंतीला बांधून ठेवणारा पट्टा आहे का? छपरावर पडलेले पाणी कुठे जाते? प्लॅन काढणाऱ्याकडे या तिन्हींची उत्तरे नसतील, तर दाराचा रंग ठरवायला अजून वेळ आहे.