कोणाचं चुकलं?

नाशिकमध्ये मेहेर सिग्नलवरून महात्मा गांधी रोडला वळलं की मोबाइलची कव्हरं, स्क्रीनगार्ड आणि चार्जर यांची इतकी दुकानं लागतात की एखादी पाटी वेगळी म्हणून डोळ्यांत भरणं अवघडच. तरी एक भरली. बुटांच्या खोक्याचा पुठ्ठा आणि त्यावर काळ्या मार्करने लिहिलेलं: ‘फेसबुक, इन्स्टा, व्हॉट्सॲप चालू करून मिळेल.’

‘छत्री दुरुस्त करून मिळेल’, ‘चाव्या बनवून मिळतील’ याच चालीवर. ज्यांचे मालक सातासमुद्रापार बसतात ती ॲपं इथे चार फुटांच्या काउंटरवर चालू करून मिळणार होती. हसू आलं. पण त्याच सकाळी आई म्हणाली होती, “फोटोवर नुसतं गोल फिरतंय. माझ्याच हातून काहीतरी दाबलं गेलं असेल.” तेही आठवलं, म्हणून थांबलो. मग आणखी दोन दुपारी तिथे गेलो.

दुकान नवरा-बायकोचं. नवरा मागच्या बाजूला, भिंगाच्या दिव्याखाली. तिथून सोल्डरिंगच्या पेस्टचा धूर येतो. त्या पेस्टमध्ये राळ असते, त्यामुळे वास थोडा देवळातला आणि थोडा जळक्या वायरचा. पुढे काउंटरवर ताई. “हार्डवेअर यांचं, सॉफ्टवेअर माझं,” त्यांनी वाटणी सांगितली. माहेर सिन्नरचं, शिक्षण बी.कॉम. हे काम कोणी शिकवलं नाही. २०२०च्या लॉकडाउनमध्ये दुकान बंद होतं आणि नात्यातली पोरं ऑनलाइन शाळेत बसली होती. ज्याचं त्याचं ॲप अडकायचं आणि फोन ताईंना यायचा. समोर स्क्रीन नसताना दुसऱ्याचा फोन दुरुस्त करायची सवय तेव्हा लागली.

गिऱ्हाईक आलं की त्या आधी काही विचारत नाहीत. पिवळं फडकं घेतात आणि फोन पुसतात, कडांसकट. तीन दुपारींत एकही फोन न पुसता उघडलेला मी पाहिला नाही. कारण विचारलं तर म्हणाल्या, “पीठ असतं, हळद असते, शेतातली माती असते. टचच घेत नाही.” कारण खरंच असणार. पण फोन पुसला जात असताना समोरच्या माणसाचे खांदे जरा खाली येतात, हे मी तिन्ही दिवस पाहिलं.

पुढचा क्रम ठरलेला. वायफाय आहे की डेटा, विमानाचं बटण चालू करून बंद, दुसरं एखादं ॲप उघडतंय का, तारीख बरोबर आहे का, मेमरी किती उरली, ॲप जुनं झालंय का. हे सगळं दीड मिनिटात. त्यानंतर ‘कॅशे’ साफ. ‘डेटा’ला मात्र हात लावायचा नाही. “कॅशे म्हणजे गल्ल्यातली चिल्लर, डेटा म्हणजे तिजोरी. लोक चिल्लर काढायला जातात आणि तिजोरी रिकामी करतात. मग पासवर्ड आठवत नाही, ओटीपी जातो बंद पडलेल्या नंबरवर.” ॲप काढून पुन्हा टाकणं हा सर्वांत शेवटचा उपाय, तोही बॅकअप पाहिल्याशिवाय नाही. कंपन्यांच्या मदतीच्या पानांवर हाच उपाय सहज सांगितलेला असतो. त्याचं नाव काढलं की ताई ओठ मिटून घेतात. एका बाईंनी असंच कोणाचं तरी ऐकून ॲप काढून टाकलं आणि वारलेल्या नवऱ्याचे सगळे आवाजी निरोप गेले. “त्यांना मी काय चालू करून देणार?”

पहिल्या दुपारी निफाड तालुक्यातले एक शेतकरी आले. हिरवं ॲप उघडत नव्हतं, निळंही नाही. रेंज फुल्ल, रिचार्ज कालचाच. लासलगावच्या लिलावाचे भाव ज्या ग्रुपवर येतात तो सकाळपासून मुका. आल्या आल्या म्हणाले, “माझ्याकडूनच काहीतरी दाबलं गेलं बघा.” ताईंनी फोन पुसला, वरच्या कोपऱ्यात पाहिलं आणि विचारलं, “घरात गेम कोण खेळतं?” धाकटा मुलगा खेळत होता. गेममधले ‘लाइफ’ संपले की तारीख पुढे ढकलायची, म्हणजे ते लगेच भरून येतात, ही युक्ती पोरांना ठाऊक असते. या पोराने ती वापरली आणि तारीख परत आणायला विसरला. फोन दोन वर्षं पुढे जाऊन बसला होता.

ॲप सर्व्हरशी बोलायला लागतं तेव्हा सर्व्हर आधी आपलं ओळखपत्र दाखवतो आणि त्यावर मुदत असते. दोन वर्षं पुढे बसलेल्या फोनला ती मुदत केव्हाच संपलेली दिसते. मुदत संपलेल्या पासवर कंडक्टर एसटीत बसू देत नाही, तसा फोन सर्व्हरलाच दारात अडवतो. इथे पास बरोबर होता, कंडक्टरचं कॅलेंडर चुकलं होतं. ताईंनी ‘आपोआप तारीख’ चालू केली आणि ग्रुपवर सकाळपासूनचे भाव धडाधड येऊन पडले. ते पाहून शेतकरी म्हणाले, “अरेरे, आधीच सांगायचं ना ताई. दोन वर्षांनी कांद्याला काय भाव असेल तेवढा बघून घेतला असता.”

पैसे घेतले नाहीत. मागून नवऱ्याचा आवाज आला, “डॉक्टर तपासायचे घेतात की.” ताई मला म्हणाल्या, “फोन ठीक आहे, एवढंच सांगायचे पैसे कसे मागायचे?” या धंद्यातली खरी अडचण हीच असावी. स्क्रीन बदलली तर बिल होतं, आणि ‘तुमचं काही चुकलेलं नाही’ हे सांगायला दर नाही.

दुसऱ्या दुपारी आलेले आजोबा अजून डोक्यातून जात नाहीत. पांढरा सदरा, खिशाला पेन, नाशिकरोडच्या नोट प्रेसमधून निवृत्त. १९२८पासून देशाच्या नोटा छापणाऱ्या त्या कारखान्याला तिकडे नुसतं ‘प्रेस’ म्हणतात. नातीच्या नाचाचा व्हिडिओ आला होता आणि दोन दिवस त्यावर गोल फिरत होतं. मध्येच एक इंग्रजी वाक्य यायचं, ते त्यांनी चिठ्ठीवर उतरवून आणलं होतं. मराठीत ते असं: काहीतरी चुकलं, पुन्हा प्रयत्न करा. आजोबांनी दोन दिवस इमानेइतबारे पुन्हा पुन्हा प्रयत्न केला होता.

“तुम्ही काही नाही केलं, काका,” ताई फोन पुसत म्हणाल्या. मग मेमरी पाहिली. “चौसष्ट जीबीचा फोन, चौसष्टही भरलेत.” सुप्रभात, शुभ रात्री, गुरुवारचे दत्त, शनिवारचे मारुती. अशा चित्रांनी आपल्याकडचे फोन भरतात हे गूगललाही कळलं होतं. डिसेंबर २०१७मध्ये आलेल्या त्यांच्या ‘फाइल्स गो’ या फोन झाडून काढणाऱ्या ॲपमध्ये ही चित्रं एकगठ्ठा काढायची सोय होती. फोन भरलेला असला की आलेला व्हिडिओ ठेवायला जागा नसते. पाहुणा दारात उभा आणि घरात पाट टाकायला जागा नाही, अशी गत.

दत्त-मारुती काढताना ताईंनी प्रत्येक वेळी विचारलं. आजोबांनी दत्त ठेवले. जागा झाली, तरी गोल फिरतच राहिलं. ताईंनी डेटा पाहिला. दिवसाचा कोटा सकाळीच संपलेला, कारण बोट थांबेल तिथे व्हिडिओ आपोआप सुरू होत होते. कोटा संपला की नेट बंद होत नाही, रांगायला लागतं. अनेक प्लॅनच्या अटींत बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की पुढे वेग ६४ केबीपीएस.

“परत चौसष्ट?” आजोबा म्हणाले.

मी तिथेच कागदावर हिशेब मांडला. एक एमबीचा फोटो या वेगाने यायला दोन मिनिटं लागतात. नातीचा नाच पाच एमबीचा धरला तर दहा मिनिटांहून जास्त. ॲपला तेवढा धीर नसतो, ते मध्येच हात टेकतं आणि लिहितं, काहीतरी चुकलं. वास्तविक चुकलेलं काहीच नसतं. कोटा संपलाय, वेग कमी केलाय, एवढंच वाक्य लिहायचं असतं. कोटा संपल्याचा एसएमएस आला होताच, पण तो कर्जाच्या आणि लॉटरीच्या पन्नास एसएमएसांखाली गाडला गेला होता.

आजोबा थोडा वेळ गप्प बसले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “आमच्या लहानपणी रुपयाचे चौसष्ट पैसे होते. सोळा आणे, आण्याचे चार. १९५७ला शंभर केले. यांच्याकडे अजून चौसष्टच चालू आहेत वाटतं.” आणि जरा थांबून, “प्रेसमध्ये एक शीट खराब निघालं तरी कागदावर यायचं. पाळी कोणती, मशीन कोणतं. फेकून देता यायचं नाही, मोजून परत द्यावं लागायचं. इथं नुसतं लिहितात, चुकलं. कोणाचं ते लिहीत नाहीत.”

मराठीत या वाक्याला कर्ता आहे तो नावापुरता. ‘काहीतरी चुकलं.’ कोणाचंच नाव नसलेल्या वाक्यात ऐकणारा स्वतःलाच कर्ता करून घेतो, आणि वयस्कर माणसं तर फार लवकर. त्या काउंटरवर पन्नाशीच्या पुढचं जवळजवळ प्रत्येक माणूस एकाच वाक्याने सुरुवात करत होतं: माझ्या हातून काहीतरी दाबलं गेलं. कॉलेजची पोरं मात्र म्हणत होती, “ॲप बेकार आहे.” ताईंचा अनुभव असा की दोघंही बरेचदा चुकीचे असतात. एका पोराच्या मामाने जाहिराती बंद व्हाव्यात म्हणून ‘प्रायव्हेट डीएनएस’मध्ये कसलासा पत्ता टाकून दिला होता. तो पत्ता बंद पडला आणि पोराचं सगळंच नेट गेलं. ती ओळ पुसायला दहा सेकंद लागली, सापडायला वीस मिनिटं.

कधी कधी चूक खरोखर कंपनीच्या टोकाला असते. मार्च २०२१मध्ये अँड्रॉइडच्या ‘वेबव्ह्यू’ नावाच्या भागाचं एक अपडेट आलं आणि जगभर ॲपं उघडल्या उघडल्या मिटायला लागली. उपाय उलटा होता, नवं अपडेट काढून टाकायचं. ४ ऑक्टोबर २०२१च्या रात्री आपल्याकडे नऊच्या सुमारास फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप एकदम गेले आणि सुमारे सहा तास आले नाहीत. देखभालीच्या कामात दिलेल्या एका आज्ञेने फेसबुकच्या डेटा सेंटरांना जोडणारं जाळंच तुटलं. त्यापाठोपाठ, हे सर्व्हर कुठे राहतात ते जगाला सांगणारी व्यवस्थाही गप्प झाली. घर उभं, आत दिवे चालू, पण दारावरची पाटी गेलेली आणि गल्लीही नकाशातून पुसलेली. शेवटी अभियंत्यांना प्रत्यक्ष डेटा सेंटरमध्ये पाठवावं लागलं. २५ ऑक्टोबर २०२२ला, दिवाळीतल्या सूर्यग्रहणाच्या दिवशी, दुपारी व्हॉट्सॲप सुमारे दोन तास बंद होतं. “त्या दिवशी एक आजी म्हणाल्या, वेध लागलेत म्हणून बंद ठेवलं असेल. मी म्हटलं, असेल बाई.”

५ मार्च २०२४ची रात्र ताईंना जास्त आठवते. नऊच्या आत-बाहेर फेसबुक आणि इन्स्टाग्रामने लोकांना आपोआप बाहेर काढलं आणि परत आत घेईना. दुकान बंद करायची वेळ, आणि काउंटरवर गर्दी. सगळ्यांना वाटत होतं खातं हॅक झालं. घाबरून जो तो पासवर्ड बदलायला बघत होता, आणि बदलताना काहीजण नवाही विसरत होते. ताईंनी आधी नेहमीचा नियम पाळला, दुसऱ्याच्या फोनवर बघायचं. मग तिसऱ्याच्या, मग नवऱ्याच्या. चारही फोनवर तेच. तेव्हा त्यांनी बाहेरचा पुठ्ठा काढला, उलटा केला, मार्करने लिहिलं आणि परत लावला.

मी तो पुठ्ठा फिरवून पाहिला. पाठीमागे मोठ्या अक्षरांत होतं: ‘सगळ्यांचंच बंद आहे. तुमचा फोन ठीक आहे. घरी जा.’

“पुसून टाकणार होते. म्हटलं राहू दे, परत लागेल.”

आजोबांचा व्हिडिओ ताईंनी दुकानाच्या वायफायवर उतरवून दिला, आपोआप सुरू होणारे व्हिडिओ बंद केले आणि पन्नास रुपये सांगितले. आजोबांनी नोट काढली, उजेडात धरली, सवयीने अंक पाहिला आणि मग दिली. नाच तिथेच उभ्याने दोनदा पाहिला.

घरी आलो तर आई फोन घेऊन बसलेली. मी शर्टाच्या टोकाने आधी स्क्रीन पुसली, मग डेटा पाहिला. कोटा संपलेला. म्हटलं, तू काही केलेलं नाहीस, कोटा संपलाय, रात्री बारानंतर नीट चालेल. ती चष्मा वर करून त्या गोलाकडे बघत राहिली.

“मग पुन्हा प्रयत्न करा म्हणून मलाच का सांगतंय?”