पहिल्यांदा विमानात बसताना

पूर्वी विहारातले गट बोधगयेला रेल्वेनेच जायचे. दोन दिवस डब्यात, घरची भाकरी बांधून. आता मुलंमुली कमावती झाली आहेत. ती आईवडिलांना गयेला, दीक्षाभूमीसाठी नागपूरला विमानाने पाठवतात. नागपूरच्या विमानतळाला बाबासाहेबांचेच नाव आहे. म्हणून शिवडीच्या वस्तीत फिरताना आम्हाला हल्ली एक प्रश्न वारंवार ऐकू येतो, "सिस्टर, मला बीपी आहे, विमान चालेल ना?"

बहुतेकांना चालते. पण कोणाला चालत नाही, तेही माहीत असलेले बरे.

विमान तीस ते चाळीस हजार फुटांवर उडते. तिथली हवा फार विरळ असते, म्हणून आत हवा दाबून भरतात. तरीही हा दाब जमिनीइतका नसतो. सहा ते आठ हजार फूट उंच डोंगरावर असतो तेवढाच तो असतो. आपले कळसूबाई शिखर साधारण ५,४०० फूट आहे. म्हणजे नागपूरपर्यंतचा बराच वेळ आपण कळसूबाईच्याही वर बसलेलो असतो. आठ हजार फुटांवर श्वासातून मिळणारा प्राणवायू जमिनीच्या पाऊणपटच असतो. धडधाकट माणसाला हे जाणवत नाही. फुफ्फुस, हृदय किंवा रक्त कमजोर असेल तर जाणवते.

शिवडीत हे जास्त सांगावे लागते. महापालिकेचे टी.बी. हॉस्पिटल इथेच आहे, आणि आपल्या वस्तीत टी.बी.चे औषध घेतलेला माणूस नाही असे घर शोधावे लागेल. टी.बी. बरा झाला तरी काहींच्या फुफ्फुसावर व्रण राहतात. अशा माणसाने घरीच पाहावे. सपाटीवर ५० मीटर चालून एक जिना न थांबता, दम न लागता चढता येतो का? येत नसेल तर तिकीट काढण्याआधी डॉक्टरांना दाखवावे. रक्त कमी असलेल्या बायांनी हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. ते आठच्या खाली असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय निघू नये. छातीत हवा भरल्यामुळे नळी घालावी लागली असेल, तर ती हवा पूर्ण गेल्याची डॉक्टरांची खात्री होईपर्यंत विमान नको. वर गेल्यावर कोंडलेली हवा फुगते.

ज्यांच्या थुंकीत जंतू आहेत त्यांनी विमानाने जाऊच नये, मग प्रवास तासाभराचा का असेना. जागतिक आरोग्य संघटनेचेही हेच म्हणणे आहे. औषधांना दाद न देणारा टी.बी. असेल, तर थुंकीचे कल्चर लागोपाठ दोनदा निगेटिव्ह यावे लागते. यात लाजण्यासारखे काही नाही, पण लपवण्यासारखेही नाही. शेजारच्या सीटवर कोणाचे तरी तान्हे मूल असते. तिकिटाची तारीख बदलता येते.

बीपी, शुगर, दम्याची औषधे आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या पिशवीतच ठेवावी. मोठी बॅग आपल्याला उतरल्यावरच मिळते. इन्सुलिनही त्या बॅगेत टाकू नये, सामानाच्या कप्प्यात ते गोठून बिघडू शकते. रोजची गोळी रोजच्याच वेळी घ्यावी. पहाटेचे विमान आहे म्हणून शुगरच्या माणसाने उपाशी निघू नये. काडेपेटी आणि लायटर घरीच ठेवावे. मशेरीचा डबाही ठेवलात तर आम्हाला आनंदच आहे.

आदल्या रात्री वाटाणे, चणे, कोबी नको. पोटातला वायूही वर गेल्यावर फुगतो. आतली हवा कोरडी असते, म्हणून अधूनमधून पाणी प्यावे. "संडासला जावे लागेल" म्हणून आपल्या बाया पाणीच पीत नाहीत आणि मग डोके धरून बसतात. विमानात संडास असतो, बिनधास्त जावे.

कान दुखतात ते बहुधा विमान उतरताना. नाकामागून कानात जाणारी बारीक नळी तेव्हा दबते. गोळी चघळावी, आवंढा गिळावा, जांभई द्यावी. तरी कान मोकळा झाला नाही तर नाक चिमटीत धरून, तोंड मिटून हलकेच फुंकावे. जोर लावू नये. उतरायला लागल्यावर तान्ह्या बाळाला अंगावर पाजावे. सर्दीने नाक चोंदले असेल तर डॉक्टरांकडून नाकाचे थेंब आधीच आणावेत.

हादरे बसले म्हणजे विमान पडते आहे असे नाही, खड्ड्यातून बेस्टची बस जाते तसेच ते. पंखांजवळच्या सीटला हादरे कमी लागतात. बसलात की पट्टा बांधलेलाच ठेवावा. भीती वाटली तर विहारात शिकलेले आनापान करावे, श्वास येतो-जातो तेवढेच पाहावे.

गुडघे दुखणाऱ्यांसाठी तिकीट काढतानाच व्हीलचेअर सांगून ठेवावी. विमानतळावर खूप चालावे लागते. मुंबईत टर्मिनल एक आणि दोन वेगळ्या ठिकाणी आहेत, ते तिकिटावर पाहूनच निघावे. सातव्या महिन्यानंतरच्या गरोदर बाईने डॉक्टरांचा दाखला जवळ ठेवावा.

विमानात छातीत दुखले, दम लागला, गरगरले तर डोक्यावरचे बटण दाबावे. "उगाच कशाला त्रास" म्हणून गप्प बसू नये. तिथल्या कर्मचाऱ्यांकडे प्राणवायूचा सिलेंडर असतो आणि तो कसा लावायचा हे त्यांना शिकवलेले असते.