हुन्नर आहे, पण बदलण्याची ताकद आहे का?

गाठीशी भांडवल आहे, हातात कसब आहे, गिऱ्हाईकही जुने आहे; तरीही पाहता पाहता चालता धंदा बसतो. असे का होते? हा प्रश्न केवळ छोट्या दुकानदाराला पडत नाही. मोठमोठ्या कंपन्याही याच कारणाने बुडाल्या आणि अभ्यासकांना त्याचा शोध घ्यावा लागला. त्या शोधातून ‘डायनॅमिक कॅपॅबिलिटीज’, म्हणजेच गतिमान क्षमता, ही कल्पना पुढे आली. ती कशी घडत गेली, हे आम्ही येथे थोडक्यात मांडत आहोत.

१९८० साली हार्वर्डचे मायकेल पोर्टर यांनी सांगितले की, नफा बाजाराच्या रचनेवर ठरतो. माल पुरवणारे, गिऱ्हाईक, प्रतिस्पर्धी, नव्याने येणारे आणि पर्यायी वस्तू अशा पाच शक्ती त्यांनी मोजल्या. पण एकाच बाजारात शेजारी शेजारी बसलेल्या दोघांपैकी एक कमावतो आणि दुसरा गमावतो, ते का? याचे उत्तर बाजारात नव्हे तर धंद्याच्या आत शोधावे, असे दुसऱ्या गटाचे म्हणणे होते. एडिथ पेनरोज यांनी १९५९ मध्येच या विचाराचा पाया घातला होता. पुढे १९८४ मध्ये बर्गर वेर्नरफेल्ट आणि १९९१ मध्ये जे बार्नी यांनी तो पक्का केला. जी साधने मोलाची, दुर्मिळ आणि नक्कल करण्यास अवघड असतात, तीच टिकाऊ कमाई देतात, असा त्याचा सारांश.

परंतु आजचे मोलाचे साधन उद्या निरुपयोगी ठरले तर? ही उणीव डेव्हिड टीस, गॅरी पिसानो आणि एमी शुएन यांनी हेरली. १९९७ च्या त्यांच्या लेखाने या कल्पनेला नाव आणि रूप मिळवून दिले. बाहेरची परिस्थिती झपाट्याने बदलत असताना आपली व इतरांची कौशल्ये जोडणे, नवी घडवणे आणि जुन्यांची फेरमांडणी करणे, ही ती क्षमता. ती विकत मिळत नाही. कामाच्या रोजच्या रीतींतून, हाती असलेल्या साधनांतून आणि आजवरच्या वाटचालीतून ती घडते.

कसबच कधी कधी पायातील बेडी होते, हे डोरोथी लिओनार्ड-बार्टन यांनी १९९२ मध्ये दाखवले होते. पोलरॉइड कंपनीचे उदाहरण घ्या. झटपट छायाचित्र देणारा कॅमेरा ही तिची ओळख. डिजिटल छायाचित्रणाचे तंत्रही तिच्याकडे होते. मात्र कॅमेरा स्वस्त विकून फिल्मवर नफा काढायचा, ही जुनी सवय वरिष्ठांना सोडवेना. २००१ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. तंत्र कमी पडले नाही, कमाईची समजूत बदलली नाही.

टीस यांनी २००७ मध्ये या क्षमतेचे तीन भाग सांगितले: बदलाची चाहूल घेणे, संधी हाती येताच पैसा व माणसे तिच्यावर लावणे आणि त्यानुसार घडी नव्याने बसवणे.

या कल्पनेवर आक्षेपही आले. जो टिकला त्याच्याकडे क्षमता होती, असे मागाहून म्हणणे सोपे, ही टीका आजही होते. कॅथलीन आयझेनहार्ट आणि जेफ्री मार्टिन यांनी २००० मध्ये म्हटले की, अशा बऱ्याच रीती सगळीकडे सारख्याच असतात, त्यामुळे केवळ त्यांच्या बळावर कुणी पुढे राहत नाही. सिडनी विंटर यांनी २००३ मध्ये खर्चाकडे बोट दाखवले. बदलाची कायम तयारी ठेवायला पैसा लागतो. बदल क्वचितच येत असेल तर वेळ आल्यावर मार्ग काढणे स्वस्त पडते.

आमच्या मते कारागीर व व्यापारी बंधूंनी विंटर यांचा हिशोब आधी मांडावा. आपल्या धंद्यात बदल किती वेळा येतो? दरवर्षी येत असेल तर नव्या नमुन्यासाठी, मुलांच्या शिक्षणासाठी, गिऱ्हाइकाची बदललेली आवड जाणण्यासाठी नफ्यातील काही वाटा बाजूला काढलाच पाहिजे. आणि बदल वीस वर्षांतून एकदा येत असेल, तर निदान एवढे तरी करावे: ज्या हुन्नराचा आपल्याला सर्वांत जास्त अभिमान आहे, त्याला अजून मागणी आहे का, हे अधूनमधून गिऱ्हाइकालाच विचारावे.