फोनमधली ती राखाडी पट्टी परत बसवली का?

आज थोडी माझीच फजिती सांगतो. मागच्या महिन्यात फोन दुरुस्त करून आणला आणि धडगावच्या बसमध्ये बसलो. अर्ध्या वाटेत फोनचा पार तवा झाला आणि नेटवर्कही एका दांडीवर आलं. नंतर उघडून पाहिलं, तर आतली रबरासारखी राखाडी पट्टी गायब! चिपवरचं पातळ पत्र्याचं झाकणही नाही. दुरुस्तीवाल्याला वाटलं असेल, कचरा आहे.

कचरा नव्हता तो. चिप आणि झाकण यांच्यामध्ये केसाएवढी फट राहते, त्या फटीत हवा असते, आणि हवा उष्णता फारच कमी पुढे नेते. पट्टी दबून ती फट भरते. पण नुसतं रबर काय कामाचं? तांबं त्याच्यापेक्षा सुमारे 2000 पट जास्त उष्णता वाहून नेतं. म्हणून रबरात पूड कालवतात: ॲल्युमिनाची, बोरॉन नायट्राइडची. यालाच पॉलिमर कंपोझिट म्हणतात.

नंदुरबारच्या मिरचीच्या पथाऱ्या पाहिल्यात ना? मिरच्या विरळ असतील तर मुंगीला मिरचीवरून मिरचीवर जात पलीकडे पोचता येत नाही. दाट झाल्या की वाट तयार होते. पुडीच्या कणांचंही तसंच. मग भरा ना ठासून! नाही चालत. जास्त पूड घातली की रबर कडक होतं, दबत नाही, आणि फट तशीच राहते. हा तोल सांभाळणं हेच खरं अवघड काम. तरीही साधारण पॅड नुसत्या रबराच्या 10 ते 30 पट उष्णता नेतात.

आता पत्रा. प्रोसेसर सेकंदाला अब्जावधी वेळा चालू-बंद होतो, त्यातून रेडिओ गोंगाट निघतो. अँटेना बिचारी लांबच्या टॉवरची कुजबुज ऐकत असते, आणि शेजारी हा डीजे! झाकण तो गोंगाट अडवतं. हेच काम कार्बन किंवा निकेलची पूड घातलेलं पॉलिमरही करतं. फक्त त्यातून वीज वाहते, उघड्या जोडाला टेकलं की शॉर्ट. म्हणून चिपला चिकटून वीज न वाहणारं बोरॉन नायट्राइड, आणि वर कार्बनचा थर, असं जोडकाम करतात.

आपल्याकडे हे जास्त का जाणवतं? आयफोन 35 अंशांपर्यंतच्या हवेत वापरा, असं ॲपलच सांगते. आपला तर मार्चमध्येच तो आकडा मागे पडतो. त्यात सातपुड्यात सिग्नल कमजोर, म्हणून फोन जास्त ताकदीने लहरी सोडतो आणि आणखी तापतो. देशातलं पहिलं आधार कार्ड 29 सप्टेंबर 2010 ला शहादा तालुक्यातल्या टेंभलीत दिलं गेलं. आज त्याच आधारच्या ओटीपीसाठी माणूस तापलेला फोन हातात घेऊन टेकडी चढतो.

तर दुरुस्तीला द्याल तेव्हा विचारा, "दादा, पट्टी आणि झाकण परत बसवलं ना?" जुनी पट्टी फाटली असेल तर तेवढ्याच जाडीची नवी मागा. जाड बसवली तर मागचं कव्हर फुगतं, तेही मी करून बसलोय.