उजेड दिव्याखालीच हवा

पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये ‘डार्क स्काय पार्क’चा दर्जा मिळाला. भारतात हा मान पहिल्यांदाच कुणाला मिळत होता. आकाशगंगेचे सुंदर फोटो सगळीकडे झळकले. पण खरं काम झालं होतं जमिनीवर. सिल्लारी आणि आसपासच्या गावांतले शंभरहून अधिक दिवे बदलून त्यांची तोंडं खाली करण्यात आली. गावं अंधारात बुडाली नाहीत. फुकट वर जाणारा उजेड तेवढा थांबला.

तो कसा थांबतो, हे आपल्याच रस्त्यावर मान वर करून पाहिलं तर कळेल. एलईडी पथदिव्याचं अंग सपाट असतं. ते जमिनीला समांतर बसवलं, तर उजेड आडव्या रेषेच्या वर जातच नाही. पण आपण तो दिवा सोडियमच्या जमान्यातल्या, वर उचललेल्या जुन्या नळीवर ठोकतो. दिवा तिरपा होतो आणि काही उजेड क्षितिजाच्या जरासा वर निसटतो. सर्वांत त्रासदायक तोच. सरळ वर गेलेला किरण हवेचा थर लवकर ओलांडतो. क्षितिजालगत निघालेला मात्र कितीतरी किलोमीटर हवेतून जातो, धुळीवर, बाष्पावर, हवेच्या रेणूंवर विखुरत राहतो आणि दूरच्या गावाचंही आकाश धुरकट करतो. दिवा सरळ करायला बहुतेक ठिकाणी शिडी आणि पाना पुरतो. त्यासाठी टेंडर निघत नाही, हीच बहुधा अडचण असावी.

दुसरी गोष्ट रंगाची. आपल्याकडचे बरेच पथदिवे पांढरेफटक, ५००० केल्विनच्या वरचे असतात, आणि या पांढऱ्यात निळा भाग भरपूर. ४५० नॅनोमीटरचा निळा प्रकाश ६०० नॅनोमीटरच्या पिवळसर-नारिंगी प्रकाशापेक्षा हवेच्या रेणूंवर सुमारे तिप्पट विखुरतो. झोपेशी निगडित मेलॅटोनिनलाही निळाच जास्त दाबतो. म्हणून ३००० केल्विन किंवा त्याहून कमीचे उबदार दिवे बरे.

‘पण सुरक्षेचं काय?’ हा प्रश्न रास्तच आहे. उत्तर कुठल्याही हायमास्टच्या चौकात मिळेल: समोरून प्रखर झोत डोळ्यांत शिरला की बाहुली आकसते आणि झाडामागच्या सावलीत कोण उभं आहे ते दिसेनासं होतं. बेताचा, सारखा पसरलेला आणि मुख्य म्हणजे दिव्याचा बिंदू न दाखवणारा उजेड त्यापेक्षा जास्त दाखवतो. अमेरिकेतल्या फ्लॅगस्टाफ शहराने तर १९५८ मध्येच जाहिरातींच्या सर्चलाइटवर बंदी आणली. वेधशाळेचं गाव होतं, गरज कळली.

आपल्याकडे अशी निकड कोकणच्या किनाऱ्यावर आहे. वेळासच्या वाळूतून बाहेर पडणारी ऑलिव्ह रिडले कासवाची पिल्लं रात्री सर्वांत उजळ, मोकळ्या क्षितिजाकडे धावतात. निसर्गात ते समुद्राचं असतं. किनाऱ्यालगत हॉटेलाचा फ्लडलाइट असला, तर पिल्लं उलटी वळतात. अशा जागी समुद्राकडे तोंड असलेले दिवे पिल्लांच्या हंगामात बंद ठेवावेत. पाऊलवाटेवर उजेड लागतोच, तिथे गुडघ्याएवढ्या उंचीचे, समुद्राच्या बाजूने झाकलेले, नारिंगी दिवे लावावेत आणि माणूस आला तरच पेटतील असे सेन्सर जोडावेत. हॉटेलवाल्याचं वीजबिलही उतरेल.